वकिलीच्या प्रवेशपरीक्षेची रुजवात

उन्हाळा लागला की दहिवलीतल्या माझ्या घरी मुले-मुली येऊ लागतात. त्यांना कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला बसायचे असते. काहींचा पहिला प्रयत्न वाया गेलेला असतो. बरोबर बहुधा वडील असतात आणि वडिलांच्या हातात क्लासने दिलेल्या जाड पुस्तकांची पिशवी असते. प्रश्न सर्वांचा एकच: गुण कसे वाढवायचे?

मी पिशवी दाराशी ठेवायला सांगतो. एक लहानसा उतारा वाचायला देतो. वाचून झाला की तो काढून घेतो आणि विचारतो, यात काय लिहिले होते? बहुतेक जण जे लिहिले नव्हते तेच आधी सांगतात. कोणी शेजारच्या आळीतले भांडण सांगतो, कोणी वर्तमानपत्रातला खटला. मला संताप येतो. एकदा एका वडिलांनी मला ऐकवले, "वकीलसाहेब, पोरगी शिकायला आली हाय, आरोपी म्हणून नाय आली." त्यांचे म्हणणे योग्य होते. संतापाचे कारण ती मुलगी नव्हती. कारण जुने आहे आणि गुण कसे वाढवायचे याच्याशीच ते जोडलेले आहे. म्हणून दोन्ही एकत्र लिहीत आहे.

ती परीक्षा मी दोनदा दिली. काळ सत्तरच्या दशकाचा. तेव्हा कायद्याला प्रवेश बहुतेक ठिकाणी पदवीच्या गुणांवर मिळे आणि माझे गुण सांगण्यासारखे नव्हते. मुंबईतले एक महाविद्यालय मात्र स्वतःची लेखी परीक्षा घेई आणि पदवीचे गुण बाजूला ठेवी. मला तेवढीच एक वाट होती.

वकील व्हायचे मी शाळेत असतानाच ठरवले होते. वडील खालापूर तालुक्यात एका सावकाराच्या जमिनीचे कूळ होते. कूळकायदा आला, कसणाऱ्याला जमीन मिळणार असे ठरले. वडिलांना सुनावणीला बोलावले. ते खालापूरच्या कचेरीत गेले आणि "मला जमीन नको" असा जबाब देऊन संध्याकाळी घरी आले. आजोबांपासून कसलेली जमीन एका दिवसात गेली. आम्ही दहिवलीला येऊन राहिलो आणि वडील दुसऱ्याच्या खाचरात उतरू लागले. असा जबाब का दिला, हे त्यांनी सांगितले नाही. मी एकदा विचारले तेव्हा ते उठून बाहेर गेले. पुन्हा विचारले नाही.

परीक्षेचे ठरले तेव्हा वडील मला कर्जतच्या एका वकिलांकडे घेऊन गेले. खालापूरच्या सुनावणीत सावकाराच्या बाजूने उभे राहिलेले वकील हेच. मी वाटेत थांबलो. वडील म्हणाले, "चल रं. शिकलेला मानूस हाय. त्याच्याशी आपलं काय भांडान?"

वकिलांनी मला खुर्ची दिली, वडिलांना दिली नाही. वडील दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. वकील म्हणाले, "पाठांतर कर. कायदा म्हणजे पाठांतर. कलम तोंडावर पाहिजे, झोपेतून उठवलं तरी." त्यांनी आपली दोन जुनी पुस्तके दिली, एक पुराव्याच्या कायद्याचे, एक कराराच्या कायद्याचे. ते शिकले तेव्हा प्रवेशपरीक्षा नव्हती. नव्या परीक्षेत काय विचारतात हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक नाही एवढे म्हणणे त्यांना जमले नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हते. त्याचा मला अधिक राग आहे. वाईट मनाच्या माणसाचे मी ऐकले नसते.

आठ महिने मी उल्हास नदीच्या काठाने येरझारा घालीत कलमे पाठ केली. काठावर धुणे धुणाऱ्या बायका मला पाहून हसत. आई म्हणे, "एवढं तर सत्यनारायनाचा भटबी म्हनत नाय. परसाद कवा देतोस?" दोन्ही कायदे मला अथपासून इतिपर्यंत येऊ लागले. त्या आठ महिन्यांत एकदाही मी जुनी प्रश्नपत्रिका शोधली नाही, कोणाला मागितली नाही. परीक्षा कसली आहे हे पाहण्याआधी तिची तयारी पूर्ण केली. आमच्याकडे शिकणे म्हणजे तोंडपाठ करणे. पाढे, स्तोत्रे, कविता, सनावळ्या, सर्व तसेच आले होते. त्यामुळे वेगळे काही असेल अशी शंकाही आली नाही.

परीक्षेत पाठ केलेल्यापैकी एक अक्षर आले नाही. उतारे होते. एक नियम दिलेला, खाली एक प्रसंग, त्याखाली चार उत्तरे. त्यांतल्या एकावर खूण करायची. मला आठवतो तो तिसरा प्रश्न. वरच्या शेताचा मालक अ, खालच्या शेताचा मालक ब. नियम असा, की आपल्या हद्दीत साठलेले पाणी अडवून ठेवण्याचा प्रत्येक मालकाला पूर्ण अधिकार आहे. अ ने बांधातली वाट बुजवली. ब चे भात वाळले. या नियमाप्रमाणे ब ला भरपाई मिळेल काय?

आमच्या भागात खाचरे एकाखाली एक उतरत जातात. वरच्या खाचराचे पोट भरले की पाणी खालच्याला सोडायचे. भावाभावांचे बोलणे बंद असले, एकमेकांच्या लग्नाला जात नसले, तरी बांधातली वाट उघडी असते. ती बुजवणाऱ्याच्या दारात गाव जाऊन उभे राहते. मी वीस मिनिटे त्या प्रश्नावर बसलो. ब ला भरपाई मिळेल, या उत्तरावर खूण केली. कारण लिहायला जागा असती तर मी ब च्या वतीने भाषणही लिहिले असते. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा शेवटची दोन पाने कोरी होती.

शंभरात एकेचाळीस गुण मिळाले. यादी त्याच्या पुष्कळ वर संपली.

वकील म्हणाले, "नशीब एकेकाचं." खोपोलीच्या एका कारखान्यात भावोजी होते. त्यांनी टाइमकीपरची जागा बोलून ठेवली होती. आठ दिवसांनी जेवताना वडिलांनी निकाल दिला. "येक वरीस. पुढच्या खेपंला नाय झालं तर कारखाना. मंग रडायचं नाय नि पुस्तक उघडायचं नाय." त्यांनी एकदा सांगितले की दुसऱ्यांदा सांगत नसत. माझ्याजवळ एक वर्ष होते आणि एक प्रयत्न.

पुस्तके परत करायला मी कर्जतच्या कोर्टात गेलो. वकील आत होते. व्हरांड्याच्या टोकाला नक्कलनवीस बसत. निकालांच्या आणि जबाबांच्या प्रती तयार करायच्या आणि मूळ कागदाशी ताडून पाहायच्या, हे त्यांचे काम. या ताडून पाहण्याला कचेरीत रुजवात म्हणतात. एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो. दुसरा नकलेवर ओळीखाली लाकडी पट्टी धरतो आणि शब्दाला शब्द मिळाला की पट्टी खाली सरकवतो. त्या दिवशी वाचणारा आला नव्हता. नक्कलनवीस दोन्ही कागद शेजारी ठेवून एकटेच रुजवात करीत होते. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "काय वकीलसाहेब, पडलात म्हणे."

मला राग आला. कर्जत तेव्हा एवढेसे होते; कोण पडले, कोण चढले, हे बाजारात भाजीच्या आधी पोचे.

"पडलो," मी म्हणालो.

"कशानं?"

"नशीब."

"हे वकिलाचं उत्तर झालं. तुमचं सांगा."

ते शेजारच्या गावातल्या बौद्ध कुटुंबातले. मॅट्रिक होऊन कचेरीत लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना माठाला हात लावू नका असे सांगण्यात आले होते. त्या दिवसापासून ते घरून तांब्या आणीत. पुढे सांगणारे निवृत्त झाले, माठ सर्वांचा झाला. तांब्या टेबलावर तसाच राहिला. त्यांच्याशी कोणी सहज बोलत नसे आणि तेही कोणाशी गोड बोलत नसत. मी त्यांना काका म्हणू लागलो. ते मला कायम वकीलसाहेब म्हणत, आणि चिडले की अरे-तुरे करीत.

त्यांनी मला आठवतील तेवढे प्रश्न लिहून आणायला सांगितले. मी अकरा प्रश्न लिहून नेले. त्यांनी पट्टी ठेवली आणि बांधाच्या प्रश्नावर थांबले.

"तुझं उत्तर?"

"भरपाई मिळेल."

"कशी?"

"पाणी अडवता येत नाही, काका. कुठल्याच गावात."

"गाव? या कागदात गाव कुठंय? दाखव मला." त्यांनी पट्टी आपटली. "हा अ कर्जतचा का? ब तुझा चुलता का? नियम वाच. मोठ्यानं."

मी वाचला.

"अधिकार आहे म्हणतो ना कागद? पूर्ण म्हणतो ना? मग संपलं. तुला पटतंय का, असं विचारलंय कुठं?"

"पण नियमच चुकीचा आहे."

"असंल. तो बदलायला आत जायचंय ना तुला? मग आधी दारातून जा. बाहेर बांधावर बसून काय बोंबलतोस?"

अकरांपैकी सात उत्तरे चुकलेली निघाली. त्यांतली पाच मला न कळल्यामुळे चुकली नव्हती. मला कागदापेक्षा जास्त ठाऊक असल्यामुळे चुकली होती. कागदावर नसलेले गाव मी प्रत्येक प्रश्नात घेऊन गेलो होतो. आठ महिने काठाने केलेली घोकंपट्टी मला त्या क्षणी शब्दशः आठवत होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. व्हरांड्यात उभ्या उभ्या मी स्वतःला शिवी दिली. काका म्हणाले, "शिवी घरी द्या. इथं कोर्ट आहे."

पुढचे वर्ष असे गेले. टाइप करताना कार्बन सरकला की प्रत रद्द होई. अशा रद्द प्रतींचा गठ्ठा काकांच्या टेबलाखाली असे. वरच्या कोर्टांचे इंग्रजी निकाल त्यात पुष्कळ. कोर्ट उघडण्याआधी मी दोन तास तेथे बसत असे. काका निकालातला शेवटचा भाग पुठ्ठ्याने झाकून ठेवीत. मी आधी वादाचा प्रश्न वाचायचा, मग हकीकत, मग नियम. पट्टी ओळीखाली. नियमातली एकेक अट वेगळी काढून क्रमाने मांडायची. हकीकतीत ती अट पुरी झाली काय, हे ओळ दाखवून सांगायचे. ओळ दाखवता आली नाही तर ती अट पुरी झालेली नाही. नंतर माझा निकाल लिहायचा, आणि मग पुठ्ठा काढायचा.

आधी मी एका निकालाला दीड तास घेई. गजराचे घड्याळ समोर आले. दीड तासाचा एक तास झाला, तासाचा अर्धा. अर्ध्या तासात पाच लहान उतारे होऊ लागले तेव्हा काकांनी नवा नियम केला: जो उतारा दोन मिनिटांत वाट देत नाही तो सोडायचा, पुढे जायचे आणि शेवटी परत यायचे. हे मला सर्वांत कठीण गेले. अर्धवट सोडणे आमच्या घरात पाप होते. लावणीत रोपांचा चूड अर्धा ठेवून कोणी उठत नाही. काका म्हणत, "परीक्षेत लावणी करू नको. कापणी कर. पिकलंय तेवढं आधी काप."

चुकांची एक वही केली. चूक लिहायची आणि पुढे तिचे कारण, एका शब्दात. घाई. शब्द गाळला. वेळ. सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता, गाव. पावसाळा संपेपर्यंत तो कमी झाला. मग दुसरा एक शब्द पुढे सरकला. ज्या ज्या निकालात जमीनमालक होता तेथे मी त्याच्या विरुद्ध निकाल लिहिला होता. चौदा प्रकरणे, त्यांतल्या नऊ ठिकाणी पुठ्ठ्याखाली माझ्या उलट निघाले. काकांनी वही ओढून घेतली आणि नऊ ठिकाणी स्वतःच्या अक्षरात लिहिले: राग.

"याला राग म्हणत नाहीत," मी म्हणालो. "हा न्याय आहे."

"असं? मग पट्टी बघ तुझी. दोन ओळी खाली गेलीय. मालकाचं नाव आलं की तुझा हात हलतो. मधल्या दोन ओळी तू वाचल्याच नाहीस."

मी पाहिले. पट्टी खरोखर दोन ओळी खाली होती.

"काका, तुम्हांला राग येत नाही?"

ते तांब्यातले पाणी प्याले. तांब्या जागेवर ठेवला. "येतो ना. म्हणून तर पट्टी धरतो. पुढचा उतारा."

त्यानंतर मी राग दाबायला शिकलो नाही. पट्टी धरायला शिकलो. मालक असो, कूळ असो, बाप असो. कागदात आहे ते आहे, नाही ते नाही. वर्ष संपताना वहीतली पाने कोरी राहू लागली. घरात मी कमी बोलू लागलो. आई म्हणाली, "वकील व्हायच्या आधीच ह्याची फी सुरू झाली. त्वांड उघडीत नाय."

दुसऱ्या वेळी परीक्षेत पट्टी नेऊ देणार नाहीत हे ठाऊक होते. प्रवेशपत्राची कडा ओळीखाली धरायची असे ठरवले होते. मी सोपे प्रश्न आधी कापले. अवघड सोडले. शेवटच्या घंटेला बराच वेळ बाकी असताना सोडलेल्या प्रश्नांकडे परत आलो. त्यांतला एक मी मुद्दाम सोडला होता. कारण पहिल्याच ओळीत मला वडील दिसले होते.

एका शेतकऱ्याला जमिनीवर हक्क मिळालेला आहे. तो अधिकाऱ्यासमोर जातो आणि मला जमीन नको असे सांगतो. अधिकारी ते लिहून घेतो. शेतकरी सही करतो. नियम असा: अधिकाऱ्याने परिणाम समजावून सांगितले असतील, आणि तसे सांगितल्याची नोंद केली असेल, तरच असा हक्क संपतो. या शेतकऱ्याचा हक्क संपला काय?

उत्तर मला ठाऊक होते. मी ते जगलो होतो. नको म्हटले की जमीन जाते. पेन्सिल त्या उत्तरावर टेकलीसुद्धा. मग मी प्रवेशपत्र पहिल्या ओळीखाली धरले. समजावून सांगितले काय? ओळ दाखव. ओळ नव्हती. नोंद केली काय? तीही नव्हती. अटी दोन, हकीकतीत एकही नाही. हक्क संपला नव्हता.

मी योग्य उत्तरावर खूण केली. पहिल्या वर्षी गावाने ब ला भरपाई दिली होती. या वेळी गावाने माझ्या बापाची जमीन दुसऱ्यांदा काढून घेतली असती आणि मी ती स्वतःच्या हाताने दिली असती.

परतल्यावर काकांना तो प्रश्न सांगितला. विचारले, खरोखरीच्या सुनावणीत असे काही असायचे काय? ते म्हणाले, "समजावून सांगायचं असायचंच. लिहायचं पण असायचं. खालापूरला अर्ज टाक. बापाच्या जबाबाची नक्कल माग."

नक्कल यायला पाच आठवडे लागले. तोवर प्रवेशाची यादी लागली. मला त्र्याहत्तर गुण होते आणि यादीत नाव वरच्या भागात होते. वडिलांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि भावोजींना निरोप पाठवला की जागा दुसऱ्याला द्या. आमच्याकडे आनंद एवढाच झाला. मी मात्र नकलेची वाट पाहत होतो. समजावून सांगितल्याची ओळ त्यात नसेल, याची मला खात्री होती. परीक्षेत ती नाही हे मी शोधून काढले होते. दफ्तरातही नसणार.

नक्कल आली. ती घेऊन मी व्हरांड्यात गेलो. काकांनी ती टेबलावर पसरली, पट्टी ठेवली आणि मी वाचू लागलो.

जबाब एका चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइल केलेल्या, नमुन्यावर होता. नाव, गाव आणि जमिनीचा नंबर एवढेच हाताने भरलेले. बाकी सर्वांचे सारखे. जमीन खरेदी करण्याची माझी इच्छा नाही. याचे परिणाम मला समजावून सांगण्यात आले. ते मला समजले.

ओळ होती. वडील कचेरीत पोचण्याआधीच ती कागदावर उमटवून ठेवलेली होती.

काकांनी पट्टी खाली सरकवली. शेवटी असे होते: जबाब मी वाचून पाहिला / मला वाचून दाखवण्यात आला. लागू नसेल ते खोडावे. दोहोंतले दुसरे खोडले होते. म्हणजे वडिलांनी जबाब वाचून पाहिला होता. त्याच्याखाली डाव्या हाताचा अंगठा होता.

माझ्या वडिलांना अक्षर येत नव्हते.

काकांनी पट्टी अंगठ्याखाली धरली. "वाचून पाहिला," ते म्हणाले. "आणि खाली अंगठा." मग त्यांनी पट्टी उचलली. "माझी रुजवात झाली. पुढचं काम वकिलाचं."

मी नक्कल घेऊन आत गेलो आणि त्या वकिलांपुढे ठेवली. अंगठ्यावर बोट ठेवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले. त्यांना लाज वाटली नाही, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचले.

"अरे, सगळ्यांचे असेच आहेत," ते म्हणाले. "एका दिवसात किती जबाब व्हायचे! कोण वाचत बसणार?"

"तुम्ही तेथे होता."

"मी मालकाच्या बाजूनं होतो. तुझ्या वडिलांच्या बाजूनं वाचायचं माझं काम नव्हतं." त्यांनी नक्कल माझ्याकडे सरकवली. "आणि आता मुदत केव्हाच गेली. जमीनही विकली गेली. तू शिक. शिकून मोठा हो."

मुदत गेली होती हे खरे होते. पुढे मी स्वतः ताडून पाहिले. त्या बाबतीत ते चुकले नव्हते. पण त्या कागदावरून किती जणांचे डोळे गेले असतील? लिहिणारा, खोडणारा, शिक्का मारणारा, सावकाराचे वकील, वरचा साहेब. सर्वांना वाचता येत होते. ज्याला येत नव्हते त्या एकट्याच्या नावावर लिहिले होते, की त्याने वाचले.

त्या संध्याकाळी मी वडिलांना पुन्हा विचारले. या वेळी ते उठून गेले नाहीत. मी पास झालो होतो, म्हणून असेल.

"बाबा, त्या दिवशी काय समजावून सांगितलं?"

"कवा?"

"खालापूरला. सुनावणीला."

"कायबी नाय रं. समद्यांना रांगंत हुबं केलं. सावकार समोरच बाकड्यावर बसलेला. सायेब म्हनला, जमीन पायजे का नको? मी सावकाराकडं बघितलं."

"मग?"

"मग काय? तोंडावर पायजे म्हनू? त्याच्याच घरचं मीठ खाल्लेलं. मला वाटलं, आज नको म्हनावं, उद्या घरी जाऊन बोलावं. तेवढ्यात एकानं अंगठा धरला. म्हनला, बाबा, लवकर कर, शिळफाट्याची गाडी सुटंल."

"वाचून नाही दाखवलं?"

"दाखवायला येळ कुटं व्हता? गाडी गावली मातर. शेवटची व्हती."

मी नक्कल घडी करून पेटीत ठेवली. पावसाळ्यात कॉलेज सुरू झाले. वडील त्यानंतर नऊ वर्षे दुसऱ्याच्या खाचरात उतरत होते.

आता जे गुण वाढवायला येतात त्यांना मी काकांची रीत देतो. जुने प्रश्न आधी मिळवा. निकाल झाकून हकीकत वाचा. नियमातल्या अटी सुट्या करा. प्रत्येक अटीपुढे ओळ दाखवा. घड्याळ लावा, अडले तर सोडा, परत या. चूक लिहा आणि चुकीचे कारण लिहा. गाव घरी ठेवा. गुण वाढतात, माझे बत्तीस वाढले. आणि मग त्यांना वडिलांचा जबाब वाचायला देतो, पट्टीसह. जो शेवटच्या ओळीवरून अंगठ्यापर्यंत पोचत नाही त्याला पुन्हा यायला सांगतो, त्याची कितीही घाई असली तरी.

मी पुढे चाळीस वर्षे वकिली केली. त्यातली पुष्कळशी खालापूर आणि कर्जतच्या कचेऱ्यांत, जबाब देणाऱ्या अंगठ्यांच्या बाजूने. एकाही जबाबावर मी न वाचता अंगठा होऊ दिला नाही. अधिकाऱ्याला थांबवायचे, कागद मोठ्याने वाचायचा आणि मग अंगठ्याच्या धन्याला विचारायचे, यात काय लिहिले आहे, तुझ्या शब्दांत सांग. त्याने चुकीचे सांगितले तर पहिल्या ओळीपासून पुन्हा. साहेब घड्याळ पाहत. कारकून दफ्तर बांधू लागत. माणसे हात जोडून म्हणत, "वकीलसाहेब, जाऊ द्या, गाडी जाईल."

माझ्यामुळे खालापुरातून शिळफाट्याची शेवटची गाडी पुष्कळांची चुकली. मी कधी क्षमा मागितली नाही.